दोन बोटांची ढील

"पाईप कापायच्या आधी इंजिन चालू करून बघ," दस्तगीरमामा म्हणाले. "बंद इंजिनावर माप घ्यायचं नसतंय, पोरी."

मी "हो" म्हटलं आणि बंद इंजिनावरच माप घेतलं.

गोष्ट २००६ च्या जानेवारीतली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीन शॉप होतं. वडील गेल्यावर ते माझा दादा, श्रेणिक, चालवायचा. मागच्या शेडमध्ये त्याची रेसची गाडी उभी असायची. जुनी चार दारांची पांढरी सेडान, आतून पार रिकामी केलेली, एकच सीट आणि भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. ती गाडी मी बांधली होती. मी मेकॅनिकल इंजिनिअर, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. दस्तगीर मुल्लाणी हे वडिलांच्या काळापासूनचे आमचे मिस्त्री. हातात पाना कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलेलं.

डिसेंबरच्या सरावात दादाच्या गाडीचं ऑइल सहाव्या फेरीतच एकशेचाळीस डिग्रीवर गेलं होतं. तापलं की ते पाण्यासारखं पातळ होतं. ट्रॅकवरच्या एका लांबलचक वळणात प्रेशरचा काटा खाली पडायचा आणि दादाला रेसवरचा पाय काढून घ्यावा लागायचा. आणखी दोन फेऱ्या रेटल्या असत्या तर इंजिन जागेवर जाम झालं असतं. म्हणून ऑइल कूलर बसवायचं ठरलं. रेडिएटर पाणी थंड करतो, तसा हा ऑइल थंड करतो. चपट्या नळ्यांची एक चौकट, त्यातून ऑइल फिरवायचं आणि समोरून वारा लागू द्यायचा.

मामांचं म्हणणं होतं की लहान कूलर घ्यावा, तेरा नळ्यांचा, आणि तो बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, फॉग लॅम्पच्या भोकामागे बसवावा. तिथे वारा कमी, पण जागा सुरक्षित आणि पाईपला फिरायला वाव. मला पंचवीस नळ्यांचा हवा होता, मधोमध, रेडिएटरच्या पुढे. मी तीन पानं आकडेमोड केली होती. वाऱ्याचा वेग, उष्णता, सगळं. मामांनी ती पानं उलटसुलट करून पाहिली आणि दादाकडे दिली. दादानं ती न वाचताच मला परत दिली आणि म्हणाला, त्रिशला सांगेल तसं करू.

मामा रागावले नाहीत. कूलर मधे तर मधे, म्हणाले. चौकटीखाली रबर घालायला सांगितलं, ते मी घातलं. थंड ऑइल उगाच कूलरमधून फिरू नये म्हणून थर्मोस्टॅट बसवायला सांगितला, तोही बसवला. वारा इकडेतिकडे पळू नये म्हणून पत्र्याचा एक बोगदाही मी केला आणि तो फार सुरेख झाला. चुकला तो फक्त पाईप. इंजिनाकडून कूलरकडे येणारा पाईप मी अगदी मापात कापला. दिसायला देखणा, कुठे लोंबत नव्हता.

मामांनी माझा हात धरून त्या पाईपवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं बॉनेटखालून रेस वाढवली. इंजिन रबरी माउंटिंगवर एका अंगाला झुकलं आणि माझ्या पंजाखाली पाईप ताणला गेला. कूलरच्या तोंडाशी, जिथे पाईपचा नट बसतो, तिथे तो ताण मला स्पष्ट जाणवला.

"दोन बोटं ढील पाहिजे होती," ते म्हणाले.

तसला पाईप कोल्हापुरात मिळत नव्हता. पुण्याहून मागवायला चार दिवस लागले असते आणि गाडी घेऊन ट्रक दुसऱ्या सकाळी निघणार होता. एवढ्यानं काही होत नाही, असं मी म्हणाले. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, मी आणखी काही बोलते का म्हणून. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं, त्यामुळे ते आमच्याबरोबर येणार नव्हते. ते हात पुसून घरी गेले.

ट्रॅक तमिळनाडूत होता. शुक्रवारी आणि शनिवारी सराव झाला. ऑइल एकशेसहाच्या वर गेलं नाही. दादा पंधरा फेऱ्या सलग मारून आला, हेल्मेट काढलं आणि नुसता हसला. शनिवारी दुपारी शर्यतीतल्या जागा ठरल्या. दादा तिसरा. त्याच्या मागे चौथा इंद्रजित खाडे, सांगलीजवळच्या आष्ट्याचा. सव्वीस वर्षांचा, शांत, भन्नाट चालवायचा. घरचा शेतीच्या पंपांचा धंदा होता त्यांचा.

त्या संध्याकाळी शेजारच्या टीमचा प्रमुख आमच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी दुरुस्त करायच्या गाळ्यात आला. आदल्या वर्षी याच माणसानं मला दादाची बायको समजून चहा कुठे मिळेल असं विचारलं होतं. आता तो गाडीसमोर उकिडवा बसला, पत्र्याच्या बोगद्यात डोकावला आणि हे कुणी केलं असं विचारलं. माझ्या बहिणीनं, दादा म्हणाला. त्यानं स्वतःच्या दोन मेकॅनिकना हाक मारून बोलावलं आणि त्यांना माझं काम दाखवलं. मी मागे उभी राहून एक पाना उगाचच पुसत होते. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

रविवारी सकाळी गाडी गरम करायला दादानं चार फेऱ्या मारल्या. गाडी परत आली तेव्हा मी पुढच्या बंपरखाली वाकले. कूलरच्या तोंडाशी, नटाच्या खालच्या बाजूला, ऑइलचा एक थेंब होता. मी बघत असताना तो मोठा झाला आणि खाली पडला. मग दुसरा जमायला लागला.

शर्यतीला एक तास दहा मिनिटं होती. कूलर काढून टाकून दोन्ही पाईप एकमेकांना जोडायला मला वीस मिनिटं लागली असती. मग गाडी पुन्हा तापली असती, दादाला सांभाळून चालवावी लागली असती, पाचवा-सहावा आला असता. आणि शेजारच्या पिटमधून सगळ्यांना दिसलं असतं की काल ज्याचं कौतुक झालं ते मी आज काढून टाकतेय. मला हे सगळं त्या वेळी स्पष्ट दिसत होतं. आपल्याला कळलंच नव्हतं असं मी कधी म्हणू शकले नाही.

मी फडक्यानं थेंब पुसला. पाना लावून नट थोडा आवळला. इंजिन चालू करून दहा मिनिटं तिथेच पालथी पडून राहिले. थेंब आला नाही. रेस न वाढवता जागेवर मंद चालणारं इंजिन झुकत नाही, म्हणून तो आला नाही, हेही मला माहीत होतं.

दादा हातमोजे चढवत आला. "झालं?"

"झालं," मी म्हणाले.

शर्यत बारा फेऱ्यांची होती. सात फेऱ्या दादा तिसऱ्या जागेवर टिकून होता, इंद्रजित त्याच्या मागे चिकटून. आठव्या फेरीत दोघं मोठ्या सरळ रस्त्यावरून आमच्या समोरून गेले. पुढच्या उजव्या वळणात दादाची गाडी वळायची ती वळलीच नाही. सरळ घसरत गेली, फिरली आणि बाहेरच्या टायरच्या भिंतीवर नाकानं आदळली. इंद्रजित मागे होता. त्यानं ब्रेक दाबले, त्याचीही गाडी घसरली आणि दादाच्या पलीकडे, जिथे टायर संपून काँक्रीट सुरू होत होतं, तिथे जाऊन धडकली. आवाज थोडा उशिरा आला.

दादा स्वतःच्या पायांनी बाहेर आला. इंद्रजितला पत्रा कापून काढावं लागलं. डावी मांडी दोन ठिकाणी मोडली होती, खुबा निखळला होता.

दादाच्या गाडीचं नाक पार आत गेलं होतं. कूलर, रेडिएटर, पाईप सगळ्याचा चेंदामेंदा, आणि खाली ऑइल, पाणी, कूलंट यांचं एकच तळं. ट्रॅकच्या तपासनिसांनी वाकून पाहिलं. धडकेत कूलर फुटला, असं त्यांनी लिहिलं. दादाला त्यांनी काय झालं ते विचारलं. तो नीट, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"इंद्रजित मागे होता म्हणून मी घाई केली. ब्रेक उशिरा मारला. चूक माझी आहे."

मी त्याच्या शेजारी उभी होते. त्यांनी मलाही विचारलं, गाडीत काही दोष होता का. मी नाही म्हणाले.

गाडी ट्रकवरून कोल्हापूरला आली. दोन दिवसांनी, लग्न उरकून, दस्तगीरमामा शेडमध्ये आले. ते बराच वेळ त्या चेंदामेंद्यात हात घालून काहीतरी शोधत होते. मग कूलरच्या तोंडाचा तुटलेला तुकडा घेऊन उजेडात आले. पाईपचा नट अजून त्यात अडकलेला होता. तुटलेली कड त्यांनी माझ्यासमोर धरली. अर्धी कड पांढरी, चकचकीत होती. अर्धी काळी.

"पांढरी आहे ती धडकेत तुटली," मामा म्हणाले. "काळी आहे तिथं आधीच चीर गेलीया. त्यातनं ऑइल येत होतं, म्हणून काळी. तुला दिसलं असणार."

मी मान खाली घातली.

"श्रेणिकला तू सांगतीस का मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हणाले.

त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला आणि ते निघून गेले. आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, सांगितलंस का. मी म्हणाले, दादा अजून सावरलेला नाही. महिन्याभरानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. नंतर गुडघे दुखतात म्हणून त्यांनी कामावर येणंच थांबवलं. आमच्याकडे वीस पायऱ्या चढून तांदळाचं पोतं आणणारा माणूस होता तो.

दादानं शर्यतीचं लायसन्स परत पाठवून दिलं. त्याच्यावर बंदी एकाच शर्यतीची होती, पण त्यानं आपणहून परत केलं. हेल्मेट कुणाला तरी देऊन टाकलं. कामावर यायचा, मशीनवर उभा राहायचा, बोलायचा कमी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आष्ट्याला जायचा. इंद्रजितची तीन ऑपरेशनं झाली. दादा त्याच्या घरी जाऊन तासभर बसायचा आणि परत यायचा. काय बोलता, असं आई विचारायची. काही नाही, बसतो नुसता, असं म्हणायचा. एकदा जेवताना मधेच थांबून त्यानं मला विचारलं, "ब्रेक मी नेहमी जिथे मारतो तिथेच मारला असं मला वाटतं. पण माणूस स्वतःला फसवतो, नाही का?"

आम्ही जैन, आई सूर्य बुडायच्या आत जेवायला वाढायची. बाहेर लख्ख उजेड होता, त्याचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. मी म्हणाले, तू फार विचार करू नकोस.

असे अकरा महिने गेले.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आईनं मला त्याच्याबरोबर पाठवलं. त्याला आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता, एकट्यानं गाडी चालवू नये म्हणून. मी पहिल्यांदाच आष्ट्याला जात होते. खाड्यांचं घर पंपांच्या दुकानाच्या मागेच होतं. इंद्रजित काठी टेकत दारापर्यंत आला. डावा पाय दीड इंचानं आखूड झाला होता, त्या बाजूच्या चपलेला जाड तळ लावलेला. त्यानं मला ओळखलं, या ताई म्हणाला. त्याच्या आईनं चहा आणला. सहज, पाहुण्यांशी बोलावं तसं त्या म्हणाल्या की मुलीकडच्यांनी लग्न मोडलं, पाय बघून. इंद्रजित त्यांना राहू दे म्हणाला.

दादानं कप खाली ठेवला. उठला आणि त्या बाईंच्या पायाशी वाकला. "काकू, त्या दिवशी मी घाई केली नसती तर," एवढंच बोलला. त्या बाई ओशाळून मागे सरकल्या. ही पहिली वेळ नसावी. तो दर महिन्याला हेच करायला इथे येत होता, हे मला तेव्हा कळलं.

"दादा, ऊठ," मी म्हणाले. "तुझी चूक नव्हती. कूलर गळत होता, ऑइल तुझ्याच टायरखाली आलं."

मग मी सांगत गेले. पाईप आखूड कापला ते. मामांनी सांगितलं होतं ते. सकाळचा थेंब, तो पुसला ते, वेळ हातात होता ते. मामांनी दाखवलेली काळी कड. मी भिंतीकडे बघून बोलत होते. थांबले तेव्हा दादा तसाच जमिनीवर बसलेला होता, उकिडवा, हात गुडघ्यांवर.

इंद्रजित बोलला. त्याचा आवाज चढला नाही. "माझ्या काचेवर तेल आलं होतं. वळणाच्या आधीच. वायपर लावला तर सगळीकडं पसरलं."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. महिनाभर मी औषधांच्या गुंगीत होतो. तोपर्यंत कागद पूर्ण झाले होते. आणि मग श्रेणिकदादा यायला लागले. मला वाटलं, यांना माहीत आहे. म्हणूनच येतात. एवढं मनाला लागलंय तर आपण आणखी काय बोलायचं."

दादानं मान वर केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, इंद्रजितकडेच पाहिलं.

"मी ब्रेक कुठं मारला?"

"वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीला," इंद्रजित म्हणाला. "रोज मारत होता तिथंच. मी तुमच्या मागनं बघतच होतो की. माझ्या आधी मारला तुम्ही."

दादा पुन्हा म्हणाला, "शंभरच्या पाटीला."

"हो."

दादा उठून मागच्या दारानं अंगणात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. इंद्रजितच्या आई कप उचलून आत गेल्या. आम्ही दोघंच उरलो. मी त्याची माफी मागितली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ते आज नको. आज तुम्ही त्यांना घेऊन घरी जा." त्यानं मला माफ केलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे मी त्याला दोन पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर आलं नाही.

परत येताना वारणेच्या पुलाआधी दादानं मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. नदीच्या अंगाला ऊस उभा होता, सूर्य मावळतीला आलेला. घरी आई ताटं करून बसली असणार होती. तो खाली उतरला नाही, काच तेवढी खाली केली. उसाकडे बघत म्हणाला, "मी तुझ्याशी आता बोलणार नाही. किती दिवस ते मला माहीत नाही. तू ओरडू नकोस, रडू नकोस. फक्त घरी चल."

तो पाच महिने बोलला नाही. कामापुरतंसुद्धा चिठ्ठी लिहून मशीनवर ठेवायचा. ट्रॅकच्या लोकांना मी स्वतः पत्र लिहून सगळं कळवलं, तुटलेला तुकडाही पाठवला. त्यांनी नोंद बदलली. मला त्यांच्या मेकॅनिकांच्या यादीतून काढलं, ते योग्यच होतं. दस्तगीरमामांच्या घरी जाऊन मी सांगितलं की सांगून टाकलं. त्यांनी बसायला सतरंजी घातली आणि पाणी दिलं. उशीर केलास, एवढंच म्हणाले.

दादा पुन्हा ट्रॅकवर उतरला. पुढच्या वर्षी त्यानं लायसन्स मागवून घेतलं, नवं हेल्मेट आणलं. गाडी बेळगावच्या एका माणसाकडून बांधून घेतली. मला त्यानं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. तोपर्यंत आमचं बोलणं सुरू झालं होतं. भाजी काय, आईची गोळी दिली का, असं.

गाडी न्यायला ट्रक यायचा होता त्या सकाळी मी शेडच्या जिन्यात उभी होते. बांधणारा माणूस दादाला सांगत होता की सगळं तपासलंय, काळजीचं काही नाही. दादा हो हो म्हणाला. मग त्यानं अंगातला शर्ट काढला, टॉर्च घेतला आणि पाठीवर पडून गाडीखाली सरकला. एकेक पाईप चिमटीत धरून, हाताला ऑइल लागतंय का ते बघत, तो पुढून मागे गेला. बाहेर येऊन उताणाच क्षणभर पडून राहिला आणि पुन्हा आत सरकला. मी त्याची गाडी बघत होते त्या चार वर्षांत तो गाडीखाली एकदाही वाकला नव्हता.